वेढ्यात खरेदी केलेले शेत

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे दुःखात आशा कशी धरावी या एकाच विषयाची असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूच्या नावाने सलाम. मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते आणि माझे वय ४७ आहे. दीड वर्षापूर्वी माझे पती कर्करोगाने वारले. मिरजेत उपचार झाले, मंडळीने साखळी प्रार्थना केली, मी स्वतः चाळीस दिवस उपास केले. त्यानंतरच्या हंगामात अवकाळी पावसाने द्राक्षाचे मणी तडकले आणि औषधांचा खर्चही निघाला नाही. सोसायटीचे कर्ज आहे, एका खाजगी सावकाराचेही आहे. प्रार्थनासभेत एका भगिनीने मला सांगितले की, माझा विश्वास पुरेसा असता तर माझे पती उठून बसले असते. आमच्या सोप्यात बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन चौकटीत लावलेले आहे. ते माझ्या पतीनेच आणले होते. देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो भविष्य आणि आशा देतो, असे त्यात आहे, पण आता तिकडे पाहवत नाही. प्रार्थनेला बसले की केवळ राग येतो. सातबाऱ्यावर वारस नोंदही मी अजून केलेली नाही, कारण त्यांच्या नावाला कंस पडलेला मला बघवणार नाही. मुलगा बारावीला आहे. माझा विश्वास कमी पडला का, आणि आता मी आशा धरायची ती कशाची?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबवणे निर्दयपणाचे होईल. नाही, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुमचे पती गेले नाहीत. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती यरुशलेमातील इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशूने स्वतः बजावल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवले आणि तो काटा निघाला नाही. म्हणून पौलाचा विश्वास तोकडा होता, असे कोणत्याही मंडळीत कधी शिकवले गेलेले नाही. जे माप पौलाला लावता येत नाही ते तुम्हाला लावण्याचा अधिकार त्या भगिनीला नव्हता. त्यांनी ते वाईट हेतूने केले नसेल, तरीही ते चुकीचे होते आणि तसे त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगितले पाहिजे. तुमची हरकत नसेल तर ते काम तुमच्या पाळकांनी करावे.

हे मी पश्चात्तापाने लिहीत आहे. पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली त्या वर्षी मंडळीतील एका तरुण आईचे मूल दगावले. तिला धीर देण्याच्या घाईत मी योहानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलीचा दाखला दिला आणि फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी छाटतो, असे सांगितले. तिने मान वर केली नाही. पुढे अनेक वर्षे ती उपासनेला येत राहिली, पण माझ्याशी बोलली नाही, आणि ती बोलली नाही हे योग्यच होते. त्या अध्यायात येशू शिष्यांना आपल्यामध्ये राहण्याविषयी सांगत आहे, कोणाच्या मरणाचे कारण देत नाही. तुम्ही स्वतः एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी पाहिलेल्या, करून घेतलेल्या आहात. कात्री कोठे लावतात आणि कोठे लावत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. तुमच्या पतीच्या जाण्याला कोणी छाटणी म्हणाले, तर ते मान्य करू नका.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत ज्यांच्या विश्वासाचा दाखला आपण सर्वांत आधी देतो, त्या पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने पुन्हा एकदा पाहावे. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये, लग्नाला पुरती दोन वर्षेही झालेली नसताना, पती पटकीने गेले. हे सारे त्या ख्रिस्ती होण्यापूर्वीचे होते, असे कोणी म्हणेल. परंतु १९२१ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधार मुलींना आसरा देऊन झाल्यावर, ज्या एकुलत्या एक मुलीवर त्यांनी पुढचा सारा भार सोपवायचे ठरवले होते ती मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः वारल्या. मधल्या महिन्यांत त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. विश्वासाने मरण टळत असते, तर ते रमाबाईंच्या दारातून नक्कीच परत गेले असते.

आता तुमच्या रागाविषयी. प्रार्थनेला बसल्यावर राग येतो म्हणून तुम्ही प्रार्थना बंद केली असेल, तर ती पुन्हा सुरू करा आणि त्या रागानेच करा. स्तोत्रसंहितेत जी दीडशे स्तोत्रे आहेत त्यांतील कितीतरी विलापाची आहेत. आपण उपासनेत तेविसावे आणि एकशे एकविसावे स्तोत्र पुन्हा पुन्हा वाचतो आणि अठ्ठ्याऐंशीवे जवळजवळ कधीच वाचत नाही, ही आपल्या मंडळ्यांची उणीव आहे. तेरावे स्तोत्र ‘किती काळ?’ हाच प्रश्न चार वेळा विचारते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कोणत्याही दिलाशावाचून काळोखाच्या उल्लेखावरच थांबते, आणि ज्यांनी ही स्तोत्रे पवित्र शास्त्रात जपली त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही. वधस्तंभावर येशूने जे उद्गार काढले ते बाविसाव्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द होते, म्हणजे देवाने मला का सोडले, हा प्रश्न प्रभूच्या मुखीही होता. जो देवावर रागावतो तो अद्याप देवाशी बोलत असतो. तुमचे बोलणे चालू राहावे, एवढीच माझी या घडीला विनंती आहे.

तुमच्या सोप्यातील त्या वचनाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ते वचन आपल्या घराघरांतून टांगलेले असते आणि ज्या पत्रातून ते घेतले आहे ते पत्र फारसे कोणी वाचत नाही. यिर्मयाने ते पत्र यरुशलेमहून बाबेलात धरून नेलेल्या बंदिवानांना लिहिले. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. दोन वर्षांच्या आत सारे परत येईल, असे तो लोकांना सांगत होता, आणि असे सांगणारा माणूस लोकांना प्रिय असणारच. यिर्मयाने लिहिले ते निराळे होते : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षे जायची आहेत. भविष्य आणि आशा देणारे तुमचे वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढे येते. पत्र हाती पडले तेव्हा चाळिशी गाठलेल्या माणसाला त्याचा अर्थ सरळ कळला असणार की, परतीचा दिवस तो स्वतः पाहणार नाही. तरीही ते त्याच्यासाठी आशेचे पत्र होते. लवकर सुटका होईल, असे सांगणारा हनन्या खोटा ठरला. तुम्हाला ‘विश्वास ठेवा, सहा महिन्यांत सारे फिरेल’ असे सांगणारे कोणी भेटले तर त्या प्रसंगी हनन्याची आठवण ठेवावी.

याच यिर्मयाने पुढे एक खरेदी केली, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या खरेदीत सापडते. बत्तिसाव्या अध्यायात बाबेलच्या सैन्याने यरुशलेमाला वेढा घातला आहे, शहर पडणार हे यिर्मयाला ठाऊक आहे आणि तसे बोलल्याबद्दलच राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. अनाथोथ ज्या मुलखात होते तो मुलूख शत्रूच्या हाती गेला होता, म्हणजे त्या शेताला त्या दिवशी काहीही किंमत नव्हती. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी काट्यावर तोलून दिली, साक्षीदार बोलावले, खरेदीखतावर सही केली, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि त्या फार दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे त्याला परमेश्वराने सांगितले होते. द्राक्षमळ्यांचा उल्लेख त्या वचनात आहे, तो मी तुमच्यासाठी मुद्दाम जोडलेला नाही.

खरेदी झाल्यावर यिर्मया आनंदाने गाऊ लागला नाही. त्याने लांब प्रार्थना केली आणि तिच्या शेवटी देवाला विचारले की, शहर तर खाल्दी म्हणजे बाबेलच्या लोकांच्या हाती जात आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगितलेस, हे कसे? आशेचे काम हात करीत होते आणि मन अजून विचारीतच होते. त्या शेतात त्याने कधी पीक घेतल्याची नोंदही शास्त्रात नाही. पुढे लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले.

म्हणून, भगिनी, वारस नोंद करून घ्या. आशा धरायची म्हणजे मनात काहीतरी उबदार वाटण्याची वाट पाहायची, असा आपला समज असतो, आणि तसे वाटले नाही की आपण स्वतःला अविश्वासी ठरवतो. वेढ्यातल्या यिर्मयाने एक दस्तऐवज पुरा केला. तुमच्यासमोरही आज एक दस्तऐवज आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठी कार्यालयात जा आणि एकट्या जाऊ नका, मुलाला किंवा मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्या. पतीच्या नावाला कंस पडेल तेव्हा रडू येईल, ते येऊ द्या. कंसात गेलेले नाव पुसले जात नाही, फेरफाराच्या नोंदीत ते राहते, आणि तुमचे व तुमच्या मुलाचे नाव त्याच नात्याने उताऱ्यावर येते.

सावकाराविषयी तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे, पण मला त्याची अधिक काळजी वाटते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि अशा कर्जाविषयी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. कोऱ्या कागदावर किंवा मुद्रांकावर सही केली असल्यास ते वकिलाला आधी सांगा. सोसायटीच्या कर्जाची फेरमांडणी होईल का, ते सचिवांना लेखी विचारा. तुमच्या मंडळीच्या पंचमंडळाने या कामात तुमच्याबरोबर उभे राहणे हे साखळी प्रार्थनेइतकेच मंडळीचे काम आहे. तसा निरोप तुमच्या पाळकांना देण्याची तुमची परवानगी असेल तर मला कळवा.

पुनरुत्थानाविषयी मी शेवटी लिहितो, कारण ते आधी लिहिले तर दुःखावर झाकण घातल्यासारखे होते. मरण पावलेला आपला मित्र लाजर याला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होते, तरीही त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल लिहितो ते एवढेच की, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, ते त्याने आपला शिष्य थोमा याला दाखवले. मी या व्रणांचा पुष्कळ विचार केला आहे. आपल्या विश्वासाप्रमाणे तुमचे पती देवाजवळ आहेत आणि शेवटच्या दिवशी देह पुन्हा उठणार आहे. त्या नव्या जीवनातही जे सोसले ते घडलेच नाही असे होत नाही, ते ओळखले जाते. भिंतीवरची चौकट तुम्हाला उतरवून ठेवावीशी वाटत असेल तर खुशाल उतरवून ठेवा. पत्र पुरे वाचून झाल्यावर ती पुन्हा लावावीशी वाटेल तेव्हा लावा.

प्रश्न : मी सातारा शहरात राहतो, वय २६. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातील कंत्राटी नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली. रात्रभर झोप नसते, भूक नाही, रविवारी उपासनेत पद गाताना तोंडातून शब्द फुटत नाही. आपण नसलेलेच बरे, असे कधी कधी वाटते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण माझे वडील आमच्या मंडळीत पंच आहेत आणि ते म्हणतात की, गोळी घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. मी काय करावे?

उत्तर : प्रिय बंधू, गोळ्या घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका. आपण नसलेलेच बरे, हा विचार आज आला असेल तर तो आजच घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला तोंडाने सांगा आणि रात्री एकटे राहू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो. तेथे फोन करण्यासाठी धीर गोळा होण्याची वाट पाहू नये.

आता तुमच्या वडिलांसाठी, आणि हे त्यांना वाचून दाखवावे. पंचसाहेब, राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय आपण अनेकदा वाचला असेल. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच संदेष्टा एलीया या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून, आता पुरे, माझा प्राण घे, असे म्हणतो. देवाने त्याला विश्वासाचा उपदेश केला नाही. देवदूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले आणि वाट तुला फार लांबची आहे, एवढेच म्हटले. देवाचा आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी आला. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने त्या काळचा उपाय लिहून कळवला होता. आपल्या भागातील ख्रिस्ती माणसाने तरी औषधाला अविश्वास म्हणू नये. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उघडले ते मिशनचेच होते आणि तेथे प्रार्थना व शस्त्रक्रिया यांत कोणी भांडण लावले नाही. मनाचा आजार हाही आजारच आहे. आपल्या मुलाला आज त्या देवदूताच्या भाकरीची गरज आहे, आणि ती गोळीच्या रूपाने आली असेल तर ती आपल्या हाताने त्याला द्यावी.

पद गाता येत नाही याची खंत करू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये तुमच्याच साताऱ्यात येऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते वारले. त्यांची पदे आपण शंभरांहून अधिक वर्षे गात आहोत. ज्या दिवशी स्वतःजवळ शब्द नसतात त्या दिवशी दुसऱ्याचे शब्द शेजारच्या बाकावरून ऐकू यावेत, यासाठीच मंडळी एकत्र गाते. तुम्ही नुसते बसा. गाणे इतरांना करू द्या.

प्रश्न : मी सांगलीत शिक्षिका आहे. आमच्या शेजारच्या कुटुंबावर मोठा प्रसंग आला आहे. ते ख्रिस्ती नाहीत. मी आशेचे दोन शब्द बोलावेत असे मला वाटते, पण काय बोलावे ते सुचत नाही आणि म्हणून महिनाभर मी त्यांच्याकडे गेलेच नाही.

उत्तर : प्रिय ताई, शास्त्रातील ईयोबाने सारे गमावले तेव्हा त्याचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख किती मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. ते बोलू लागले तेथून बिघडले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो त्यांच्या त्या बोलण्यावर. तेव्हा सुचत नाही ही अडचण समजू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते, तो काळ तुम्ही पाहिला असेल. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गुडघाभर चिखल होता, आणि जे लोक खराटे, घमेली आणि भाकरीची गाठोडी घेऊन आले त्यांपैकी कोणी काय बोलले हे आज कोणाला आठवत नसेल. ते कोणत्या गावाहून आले होते, हे मात्र लोक अजून सांगतात. तुम्ही तसेच जा. महिनाभर आले नाही, चुकले, असे सरळ म्हणा. त्यांच्या मुलांचा अभ्यास घेणे तुम्हाला जमण्यासारखे आहे, ते काम मागून घ्या. प्रार्थना करू का, असे विचारायला हरकत नाही, पण ते नको म्हणाले तर घरी येऊन करा. आणि निघताना पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगून या, आणि त्या वारी जा.